गोल्फ स्विंग : कंबर आधी की हात आधी? टायमिंगचा घोळ सुटत नाही, मार्गदर्शन हवे आहे

गच्चीवरचा_गोल्फर (धागाकर्ता)

नमस्कार. मी सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतो. वय ४७, उजव्या हाताने खेळतो आणि तीन वर्षांपासून गोल्फ शिकत आहे. गंगापूर रोडवरील आमच्या इमारतीच्या गच्चीवर सोसायटीच्या परवानगीने एक जाळी बांधली आहे. रोज सकाळी तिच्यात साठ-सत्तर चेंडू मारतो आणि महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन खऱ्या कोर्सवर खेळतो. जाळीत चेंडू तीन मीटरवर अडत असल्यामुळे तो पुढे कुठे वळला असता हे कधीच कळत नाही, आणि पुण्याला पहिल्याच टीवर (जिथून पहिला फटका मारतात त्या जागी) सगळे पितळ उघडे पडते.

अडचण अशी आहे की ड्रायव्हरने (सर्वांत लांब फटक्याच्या काठीने) मारलेला चेंडू निघताना किंचित डावीकडे निघतो आणि मग मोठा फेरा घेत उजवीकडे झाडीत जातो. दहापैकी सहा-सात वेळा हा स्लाईस ठरलेला असतो. उरलेल्यांपैकी एखादा मात्र खालून, जमिनीलगत, झपकन डावीकडे वळणारा हुक असतो. दोन्ही फटके मारताना मला स्वतःला काहीही वेगळे केल्यासारखे वाटत नाही.

आतापर्यंत दोन प्रशिक्षकांचा सल्ला घेतला. पहिल्यांनी सांगितले की तुमची घाई होते, क्लब (म्हणजे काठी) मागे नेताना शक्य तितका हळू न्या. दुसऱ्यांनी सांगितले की तुमचे शरीर फिरतच नाही, कंबर फिरवा, अजून फिरवा. चार महिने दोन्ही गोष्टी निष्ठेने केल्या आणि स्लाईस वाढला. मोबाईलवर चित्रण करून पाहिले, तेव्हा असे दिसले की खाली येताना सर्वांत आधी माझा उजवा खांदा पुढे झेपावतो आणि चेंडूला क्लब लागतो त्या क्षणी माझ्या पट्ट्याचे बक्कल चेंडूकडेच तोंड करून असते, तर व्यावसायिक खेळाडूंचे बक्कल त्या वेळी लक्ष्याच्या दिशेने बरेच वळलेले असते. मुद्दाम कंबर फिरवली की क्लब मागे राहतो आणि चेंडू सरळ रेषेत उजवीकडे निघून जातो. एकदा हात आधी पोहोचतात, एकदा कंबर आधी पोहोचते. दोघांची गाठ नेमकी चेंडूवर काही केल्या पडत नाही.

हा दोष टायमिंगचा मानावा की शरीर न फिरण्याचा, आणि सुरुवात नेमकी कोठून करावी?

पंचवटीकर

मी गोल्फ खेळत नाही, तरीही धागा उघडला, कारण नाशिकमध्ये कोणी 'गोल्फ क्लबवर जातो' असे म्हणाले की तो हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर चालायला, धावायला किंवा रणजीचा सामना पाहायला निघाला आहे, एवढेच आम्हाला ठाऊक आहे. त्या मैदानावर माझ्या आयुष्यात मी एकही गोल्फचा चेंडू पाहिलेला नाही. असो. जाणकारांनी उत्तर देताना एक गोष्ट माझ्यासारख्यासाठीही सांगावी : चेंडू हातातल्या काठीने मारायचा असताना कंबरेचा एवढा खल कशासाठी?

तोफखाना_निवृत्त

मी तोफखान्यातून निवृत्त होऊन देवळालीत स्थायिक झालो आहे. गोल्फ नोकरीत असताना, बदलीच्या गावोगावी शिकलो. तोफखान्यात एक सवय अंगात मुरते, ती म्हणजे गोळा कुठे पडला ते आधी पाहायचे आणि तिथून मागे तोफेपर्यंत विचार करीत यायचे. आपण स्वतःचे शरीर पाहत आहात. मी आधी आपला चेंडू पाहतो.

चेंडू कोणत्या दिशेने निघतो हे बहुतांशी इम्पॅक्टच्या, म्हणजे क्लब चेंडूला लागण्याच्या, क्षणी क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) कुठे पाहतो त्यावर ठरते. (पूर्वी याच्या उलट शिकवले जाई, रडारची यंत्रे आल्यावर तो समज गेला.) हवेत तो कोणत्या बाजूला वळतो हे क्लबफेसची दिशा आणि क्लबच्या प्रवासाचा मार्ग यांतल्या फरकावर ठरते. आपला चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळतो, याचा अर्थ क्लब बाहेरून आत, म्हणजे बराच डावीकडे जाणाऱ्या मार्गाने येतो आणि फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा असतो. चेंडू आणि क्लब एकमेकांना टेकलेले असतात तो काळ सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका असतो, त्यामुळे तिथे पोहोचल्यावर काही सुधारता येईल ही आशा सोडावी.

आता कंबरेविषयी. क्लबफेस उघडा असताना शरीर जर पूर्ण फिरत राहिले, तर चेंडू उजवीकडच्या दुसऱ्याच फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) जाईल. तीन वर्षांत हजारो चेंडू मारून आपल्या शरीराला हे पक्के कळलेले आहे. म्हणून ऐन वेळी ते कंबर थांबवते आणि मनगटे उलटी फिरवून फेस बंद करू पाहते. ते थोडे कमी पडले की स्लाईस होतो, थोडे जास्त झाले की तो जमिनीलगतचा हुक निघतो. म्हणजे आपले दोन्ही फटके एकाच आईची लेकरे आहेत. आपल्याला कंबर फिरवायला सांगितले, आपण ती फिरवली, फेस मात्र उघडाच राहिला आणि चेंडू सरळ उजवीकडे गेला. यात आश्चर्य काहीच नाही. शरीर थांबणे ही आपली युक्ती आहे आणि मूळ आजार हातात आहे.

तेव्हा आधी पकड पाहा. नेहमीप्रमाणे उभे राहा, क्लब धरा आणि मान न हलवता डाव्या हाताच्या मागच्या बाजूची बोटांची किती हाडे दिसतात ती मोजा. किमान दोन, शक्यतो अडीच दिसली पाहिजेत, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली घडी उजव्या खांद्याकडे रोखलेली असली पाहिजे. पकड बदलल्यावर पंधरा-वीस दिवस नऊ नंबरच्या आयर्नने (आखूड फटक्याच्या क्लबने) फक्त अर्धा स्विंग करा. चेंडू डावीकडे जाऊ लागेल. त्याला घाबरून पकड पुन्हा मागे नेऊ नका, कारण त्या दिवशी आपल्या शरीराला फिरण्याचे पहिल्यांदा काही कारण मिळालेले असेल.

गच्चीवरचा_गोल्फर (धागाकर्ता)

साहेब, पकडीचा फोटो काढला आणि लाज वाटली. डाव्या हाताचे जेमतेम एक हाड दिसते आहे. शाळा-कॉलेजात क्रिकेट खेळलो, ती बॅटची पकड तशीच्या तशी इथे आणली होती आणि तीन वर्षांत दोन्ही प्रशिक्षकांनी, आणि मीही, तिच्याकडे पाहिलेच नाही.

आज अठरावा दिवस आहे. नवी पकड पहिल्या आठवड्यात दुसऱ्याचे जोडे घातल्यासारखी वाटत होती. अर्ध्या स्विंगमध्ये चेंडू आता जाळीच्या डाव्या भागात आदळतो आणि चित्रणात बक्कल थोडे तरी वळलेले दिसते. पण ड्रायव्हर हातात घेऊन पूर्ण स्विंग केला की उजवा खांदा पहिल्यासारखाच आधी निघतो. म्हणजे पकडीने कारण दूर झाले तरी सवय गेलेली नाही असे दिसते.

निफाडकर

पंचवटीकरांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातच धागाकर्त्यांचे उत्तर आहे.

आमची आज द्राक्षबाग आहे, पण माझ्या लहानपणी तिथे बाजरी असे आणि कणसे भरली की माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकण्याचे काम आम्हा पोरांकडे असे. गोफण ज्यांनी चालवली आहे त्यांना आठवत असेल की तिचे एक टोक बोटात अडकवलेले असते, दुसरे नुसते धरलेले असते आणि खोबणीत गुंडा, म्हणजे दगड, असतो. नवखा पोरगा जोर लावायचा म्हणून आधी खांदा आणि हात ओढतो. त्यासरशी दोरी सैल पडते आणि गुंडा त्याच्याच मागे टप्पकन पडतो, नाहीतर शेजारच्याच्या डोक्याशी जातो. माझे आजोबा हात धरून सांगत नसत, ते पायाच्या अंगठ्याकडे काठी दाखवत. डावा पाय दाबला, कंबर वळली, मागून छाती आली, मग दंड, मग मनगट, आणि सगळ्यांत शेवटी दोरी. गुंडा सुटताना कानाजवळ 'सूं' असा आवाज येई आणि तो आला की पाहायची गरज नसे.

गोल्फचा स्विंग हीच गोफण आहे. शरीराला संवेदक लावून चांगल्या खेळाडूंची मापे घेतली जातात, तेव्हा डाऊनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब वरून खाली येताना, वेगाचा कळस आधी कंबर गाठते, तिच्यानंतर छाती, नंतर हात आणि अखेरीस क्लब. प्रत्येक भाग आपला कळस गाठून मंदावतो आणि मंदावताना आपला वेग पुढच्याच्या हवाली करतो. म्हणून 'कंबर फिरवा, अजून फिरवा' हा सल्ला अर्धवट आहे असे माझे स्पष्ट मत आहे. कंबर लवकर निघाली पाहिजे, पण तिने शेवटपर्यंत जोर लावत राहिले तर हातांना कधी गाठताच येत नाही, आणि धागाकर्त्यांचा सरळ उजवीकडे जाणारा चेंडू हा त्याचाच पुरावा आहे. मात्र मंदावणे म्हणजे थांबणे नव्हे, एवढे लक्षात ठेवावे.

दुसरे असे की वर गेल्यावर सगळे थांबते आणि मग खाली यायला सुरुवात होते, हा समज काढून टाकावा. क्लब अजून मागे जात असतानाच डावा पाय जमिनीत दबू लागतो आणि कंबर लक्ष्याकडे निघालेली असते. दोरी ताणलेली राहते ती याच क्षणी. त्यासाठी मी स्वतः केलेला एक सराव सांगतो. सात नंबरचे आयर्न घ्या, दोन्ही पाय जुळवून उभे राहा, क्लब मागे न्या आणि तो पूर्ण वर पोहोचण्याच्या आधीच डाव्या पायाने लक्ष्याकडे एक पाऊल टाका. पाऊल टेकले की मारा. यात खांद्याने आधी निघणे जवळपास अशक्य होते, कारण पाय हवेत असताना खांदा झेपावला तर तोल जातो. सुरुवातीचे पंधरा-वीस चेंडू नीट लागणार नाहीत. चेंडू न ठेवता नुसता स्विंग केलात तरी चालेल, फक्त 'सूं' आवाज कुठे येतो ते ऐका. तो चेंडूच्या जागी किंवा त्याच्या पुढे आला पाहिजे, उजव्या कानाजवळ आला तर हात आधी सुटले.

मिडऑन

पाऊल टाकण्याच्या सरावाविषयी क्रिकेटमधून आलेल्यांनी जरा जपून राहावे. कपिल देव निवृत्तीनंतर गोल्फमध्ये रमले, आम्हीही रमू असे वाटून मी सुरुवात केली होती. मला हाच सराव सांगितला गेला आणि माझी कंबर फिरण्याऐवजी लक्ष्याकडे सरकू लागली. क्रिकेटमध्ये ड्राईव्ह मारताना पुढच्या पायावर जाऊन डोके चेंडूवर ठेवायची इतकी वर्षांची सवय असल्याने मी पुढच्या पायावर गेलो आणि तिथेच राहिलो. वरच्या अंगाला मग फिरायला जागाच उरत नाही, क्लब एक तर चेंडूच्या वरच्या भागाला लागतो आणि चेंडू जमिनीलगत घसरतो नाहीतर उंच उजवीकडे जातो.

घरात ताक घुसळताना रवी पाहिली असेल. दोरी कितीही जोरात ओढली तरी रवी जागा सोडत नाही, म्हणून लोणी येते; खांबाला बांधलेली कडी सुटली तर नुसते ताक उडते. माझे बरेच दिवस ताक उडत होते.

सांधेदुरुस्ती

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर खेळाची चर्चा छान झाली आहे, पण एक प्रश्न कोणीच विचारला नाही : धागाकर्त्यांचे शरीर फिरू शकते का?

'कंबर फिरवा' असे आपण बोलतो तेव्हा बहुतेकांच्या मनात पाठीचा खालचा भाग असतो. त्या भागातील पाच मणक्यांची रचना पुढे-मागे वाकण्यासाठी आहे. सगळे मिळून ते साधारण दहा-पंधरा अंशच वळू शकतात. खरे वळण दोन ठिकाणी असते, एक खुब्याच्या सांध्यात आणि दुसरे छातीच्या मागच्या मणक्यांत. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या नेमक्या याच दोन जागा आखडतात, आणि मग वळणाची वसुली बिचाऱ्या खालच्या पाठीकडून होते. गोल्फ खेळणाऱ्यांची कंबर का दुखते याचे बरेचसे उत्तर यात आहे.

उजव्या हाताच्या खेळाडूला डाऊनस्विंगमध्ये डाव्या पायावर उभे राहून संपूर्ण ओटीपोट डाव्या खुब्याभोवती फिरवावे लागते, म्हणजे डावा खुबा आतल्या बाजूला वळावा लागतो. तो वळत नसेल तर शरीरापुढे तीनच वाटा उरतात : थांबणे, मिडऑन म्हणतात तसे पुढे सरकणे, किंवा गुडघे ताठ करून चेंडूच्या वेळी उठून उभे राहणे. घरीच तपासून पाहा. खुर्चीवर ताठ बसा, गुडघे एकमेकांजवळ ठेवा आणि मांडी न उचलता डावे पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. नडगी सरळ रेषेपासून चाळीस अंशांच्या आसपास गेली तर उत्तम. वीस अंशांवर अडली तर जगातला कोणताही सल्ला तुमचे बक्कल लक्ष्याकडे नेऊ शकणार नाही. अशा वेळी खुबा मोकळा करण्याचे व्यायाम तर करावेतच, पण ते फळायला काही महिने लागतात. तोवर उभे राहताना डाव्या पायाचा चवडा वीस-तीस अंश लक्ष्याकडे उघडा ठेवावा. खुब्याला तेवढी उधारी आयती मिळते.

सरकण्यावर आणि उठण्यावर एक साधा उपाय आहे. मागे एक खुर्ची अशी ठेवा की उभे राहिल्यावर दोन्ही नितंब तिच्या पाठीला जेमतेम टेकतील. क्लब मागे जाताना उजवा नितंब टेकलेला राहावा, परतीच्या सुरुवातीला दोन्ही टेकावेत आणि मारताना डावा टेकलेला असावा. स्पर्श सुटला की समजावे, फिरणे थांबले. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ कशी असते ते आपण जाणता. गार अंगाने पहिलाच चेंडू ड्रायव्हरने मारू नका, आधी दहा मिनिटे अंग गरम करा. पायात कळ उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर हे सगळे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

गच्चीवरचा_गोल्फर (धागाकर्ता)

उशिरा लिहितो आहे, कारण सांगण्यासारखे काही हाती आल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

खुब्याची तपासणी केली. मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून पाहिले : उजवा ३८ अंश, डावा २२. चवडा उघडा ठेवून उभे राहू लागल्यापासून खुर्चीचा सराव जमू लागला. त्याआधी डावा नितंब खुर्चीला कधी टेकतच नव्हता. पाऊल टाकण्याचा सराव मी खुर्चीच्या सरावानंतर करतो. उलट क्रमाने केला तेव्हा मीही सरकलो होतो, मिडऑन यांचा इशारा अगदी खरा आहे.

आता टायमिंगविषयी, जे मला सर्वांत उशिरा कळले. कारखान्यात आम्ही प्रत्येक कामाचा वेळ घड्याळ लावून मोजतो. स्विंगचा मात्र मी कधी मोजला नव्हता. मोबाईलवर सेकंदाला २४० चौकटींचे चित्रण करून चौकटी मोजल्या. क्लब हलल्यापासून वर पोहोचेपर्यंत २९० आणि तिथून चेंडूपर्यंत ७४, म्हणजे जवळजवळ चारास एक. जॉन नोवोसेल या अमेरिकी गृहस्थांनी व्यावसायिक खेळाडूंच्या स्विंगच्या चौकटी अशाच मोजल्या होत्या. सेकंदाला तीस चौकटींच्या चित्रणात त्यांना २७ आणि ९, २४ आणि ८, २१ आणि ७ अशा जोड्या सापडल्या. खेळाडू संथ असो की चपळ, प्रमाण मात्र तिनास एक. म्हणजे 'हळू न्या, हळू न्या' करीत मी मागे जाण्याचा वेळ सव्वा सेकंदाच्या घरात नेऊन ठेवला होता. एवढ्या संथपणे वर गेलेला क्लब तिथे मेल्यासारखा थांबतो, त्याला परत फिरवण्यासाठी कंबरेची गरजच भासत नाही आणि उरलेला वेग आणायला खांदा झेपावतो. निफाडकरांच्या दोरीला ताण येणार कुठून?

खाली येण्याचा वेळ पाव सेकंदाच्या आसपास असतो, त्यात विचार करायला सवड नाही. म्हणून मी ठेका शोधला आणि तो घराजवळच सापडला. 'गोदावरी' या शब्दात चार अक्षरे आहेत. प्रत्येक अक्षर पाव सेकंदाचे धरून 'गो-दा-व' म्हणेपर्यंत क्लब वर जातो आणि 'री'च्या उच्चारात चेंडूपर्यंत येतो. पहिले दोन दिवस मागे नेणे भयंकर घाईचे वाटले. गच्चीवर वाळवण घालायला आलेल्या शेजारच्या काकूंनी, मी काही अनुष्ठान धरले आहे का, असे पत्नीला विचारले. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजले : १९६ आणि ६४. बक्कलही आता चेंडूच्या वेळी पुष्कळ वळलेले दिसते. व्यावसायिकांचे साधारण चाळीस अंश वळलेले असते, माझे पंचवीसपर्यंत आले असावे. खुब्याचे २२ अंश पाहता याहून जास्त मागणे अन्यायाचे होईल.

परवा पुण्याला खेळून आलो. ड्रायव्हरने चौदा टीवरून मारले, त्यांतले नऊ फेअरवेवर राहिले. तीन उजवीकडे गेले, पण झाडीत नाही. उरलेले दोन मात्र सोळाव्या आणि अठराव्या होलवर जोरदार हुक होऊन डावीकडे गेले आणि त्या वेळी कंबर थांबल्यासारखे मला मुळीच वाटले नव्हते. हे कशामुळे झाले असावे?

तोफखाना_निवृत्त

नऊ म्हणजे छान. हुक शेवटीच का आले, हा प्रश्न योग्य आहे. सोबत्याने आपले फोटो काढले असतील, तर पहिल्या टीवरची पकड आणि सोळाव्या टीवरची पकड शेजारी शेजारी ठेवून पाहा. पाय थकले की माणूस जोर हातांत शोधतो आणि डावा हात नकळत क्लबवर आणखी उजवीकडे गुंडाळला जातो.

गच्चीवरचा_गोल्फर (धागाकर्ता)

पाहिले. पहिल्या टीवर अडीच हाडे दिसत आहेत. सोळाव्यावर साडेतीन.